आधी माणूस, मग बोर्ड

रिसोडच्या बसस्टँडजवळच्या ज्या सलूनमध्ये मी गेली वीस-एक वर्षं मान तुकवतो आहे, तिथे आरशाच्या वर पिवळ्या पत्र्याचा एक बोर्ड आहे. त्यावर लाल रंगात, मोठ्या अक्षरांत, 'येथे राजकीय चर्चा करू नये'. खाली जरा लहान अक्षरांत 'उधारी बंद'. आणि अगदी तळाला, पेंटरचा रंग संपत आला असावा अशा फिकट अक्षरांत, 'दाढी करताना मान फिरवू नये'. ही तीन वाक्यं एका पत्र्यावर कशी आली, हे कोडं मला बरीच वर्षं पडलं होतं. राजकारण, उधारी आणि मान यांचा संबंध असतो हे खरं, पण तो इतका उघडपणे कोणी रंगवून लावत नाही.

एकदा गालाला साबण असतानाच विचारलं. वस्तरा थांबला.

"सर, तिन्ही ओळी एकाच मानसाच्या हायत."

मतमोजणीचा दिवस होता म्हणे. टीव्ही चालू, बाकड्यावर गर्दी, खुर्चीत एक गृहस्थ, अर्धी दाढी झालेली. मागून कोणीतरी त्यांच्या उमेदवाराबद्दल एक वाक्य टाकलं. उत्तर द्यायला गृहस्थांनी मान फिरवली. वस्तरा मात्र होता तिथेच राहिला. मग तुरटी, मग कापूस, मग आरडाओरडा. गृहस्थ अर्ध्या दाढीनिशी तरातरा निघून गेले. त्या दिवशीचे पैसे तर नाहीच, मागची तीन महिन्यांची उधारीही तशीच अंगावर ठेवून. दुसऱ्या दिवशी पेंटरला निरोप गेला.

"बोर्ड आधी नाही येत, सर," वस्तरा पुन्हा चालू करत तो म्हणाला. "आधी मानूस येते. मंग बोर्ड लागते."

ते गृहस्थ अजून तिथेच येतात. मी पाहिलं आहे त्यांना, गालावर बारीक पांढरी रेघ आहे. बरोबर बोर्डाखाली बसतात, आणि नवखं गिऱ्हाईक दिसलं की तो बोर्ड मोठ्याने वाचून दाखवतात. वर म्हणतात, "काही काही लोकायले अक्कलच नसते, म्हनून असं लिहा लागते."

तेव्हापासून मला बोर्ड सरळ वाचताच येत नाहीत. एसटीत 'खिडकीबाहेर डोके काढू नये' दिसलं की ते डोकं दिसतं. वाचनालयातल्या पुस्तकावर 'पानांवर खुणा करू नयेत' असा शिक्का दिसला की पेन्सिल कानावर अडकवलेला एक वाचक दिसतो, जो कादंबरीतही 'महत्त्वाचे' असं समासात लिहीत असणार. एका भिंतीवर तर 'येथे पोस्टर चिकटवू नये' हे इतक्या मोठ्या अक्षरांत रंगवलं आहे की आता पोस्टर चिकटवायला जागाच उरलेली नाही. नियम लिहिणाऱ्याने त्या माणसाचं नाव घेतलेलं नसतं, पण चेहरा हुबेहूब काढलेला असतो.

हे सगळं मला इतकं स्वच्छ कळलेलं असूनही पुढे मीच एक बोर्ड लिहिला, आणि त्यात फसलो.

आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. नाव सांगत नाही. त्यात 'परिवार' हा शब्द आहे एवढं पुरे, आणि परिवारात जे जे होतं ते ते सगळं तिथे होतं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तो निघाला. भाजीवाल्याची गाडी कोणत्या गल्लीत आहे, कोणतं मेडिकल उघडं आहे, वाशिमला जायला पास कसा मिळतो, एवढ्यासाठीच. तेव्हा आम्ही तेवीस जण होतो. आज साडेतीनशेच्या घरात आहोत. पूर्वी एका ग्रुपमध्ये २५६ माणसं मावायची, २०२२ मध्ये कंपनीने ती १०२४ केली. ज्या कोणी साहेबाने हा निर्णय घेतला त्याने एका सतरंजीवर पन्नास मराठी माणसंसुद्धा कधी बसवलेली नसावीत.

उपयोग होतो, नाही म्हणत नाही. बाजार समितीतले सोयाबीनचे, तुरीचे, हरभऱ्याचे भाव दुपारपर्यंत कळतात. नळ कधी येणार ते कळतं. लोणीच्या सखाराम महाराजांच्या यात्रेच्या वेळी रस्ता कुठे तुंबला आहे ते कळतं. कोणाला रक्त लागलं तर अर्ध्या तासात दोघं-तिघं मोटरसायकलवर बसलेले असतात. कोण गेलं आणि अंत्ययात्रा किती वाजता, हे तर आता फक्त तिथेच कळतं. पूर्वी त्यासाठी ओट्यावर बसावं लागायचं.

आणि कधीकधी इतकं निर्मळ काहीतरी घडतं की ग्रुप काढल्याचं सार्थक वाटतं. एका काकांनी शेतातून लिहिलं, "आठ दिवस झाले डीपी जळून. बदलून भेटून नाही रायली. कोनी लक्ष देत नाही." आता आमच्याकडे डीपी म्हणजे शिवारातली विजेची. ती जळली की मोटर बंद, आणि मोटर बंद की हरभऱ्याचं पाणी बंद. पण नुकतीच पुण्याहून सून होऊन आलेल्या एका मुलीने तत्परतेने उत्तर दिलं, "काका, वर उजवीकडे तीन टिंबं आहेत, तिथे जाऊन सेटिंग उघडा, फोटोवर दाबा, लगेच बदलते." काकांनी तासाभराने विचारलं, "तिथी वायरमन असते काय?"

ग्रुप बिघडतो तो अशांमुळे नाही. एकाने वडिलांच्या पंचाहत्तरीचा फोटो टाकला, तिसऱ्या माणसाने न वाचताच 'भावपूर्ण श्रद्धांजली' वाहिली आणि खाली अकरा जणांनी त्याचीच री ओढली, तेव्हासुद्धा बिघडला नव्हता. संध्याकाळी वडिलांनी स्वतःच लिहिलं, "सर्वांचे आभार. मी हाय अजून." ग्रुप बिघडवायला एक वेगळा माणूस लागतो.

आमच्याकडे ते मेडिकलवाले होते.

हे गृहस्थ पहाटे चार चाळीसला गुलाबाचं फूल पाठवत. सहा वाजता 'पूर्ण वाचा, शेवटपर्यंत वाचा' या मथळ्याचा मजकूर, जो शेवटपर्यंत वाचायला दोन चहा लागत. कारल्याच्या रसाने साखर जाते. तांब्याच्या भांड्यातल्या पाण्याने गुडघे येतात, म्हणजे परत येतात. डॉक्टर लोक तुम्हाला हे सांगणार नाहीत. माणूस औषधाच्या दुकानात बसून औषधं कशी नकोत हे जगाला सांगतो, याला काय म्हणायचं? एकदा विचारलंच. काउंटरवर दोन्ही हात टेकून ते म्हणाले, "सर, मानूस सकाळी कारलं पेते अन् संध्याकाळी गोळी न्यायले इथीच येते. माहं काय जाते?"

पण फुलं आणि कारली हा त्यांचा जोडधंदा. मुख्य काम म्हणजे विषयांतर. कोणी सोयाबीनला भाव नाही म्हणालं की हे १९७२ च्या दुष्काळात सुकडी कशी खाल्ली ते सांगणार. कोणी नळाची तक्रार केली की "तवा कुठी होते?" हा प्रश्न. तवा म्हणजे नेमकं केव्हा, हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि विचारायची कोणाची छाती झाली नाही. इंग्रजीत अशा माणसाला ट्रोल म्हणतात. मासेमारीतला शब्द आहे, पाण्यात गळ सोडून नाव हळूहळू ओढत न्यायची. आपल्याकडे त्याहून जुना आणि चांगला शब्द आहे, काडी. गळ टाकणाऱ्याला निदान मासा तरी हवा असतो. काडी टाकणाऱ्याला काहीच नको असतं. त्याला नुसता उजेड बघायचा असतो.

ग्रुपचे ॲडमिन आम्ही तिघं. मी, म्हणजे निवृत्त मराठीचा शिक्षक. दुसरे कचेरीतून निवृत्त झालेले एक बाबू, ज्यांनी आयुष्यभर फायलींवर 'सविनय सादर' लिहिलं. तिसरा सेतू केंद्र चालवणारा एक पोरगा, ज्याला ग्रुपमधली बटणं कळतात. पिंगलाक्षी देवीच्या दर्शनाला जाणारी आमची सकाळची फेरी असते, त्या फेरीत ठरलं की आता नियम करायचे. परतताना चहाच्या टपरीवर बसून मी मसुदा लिहिला. 'सदर समूहावर' अशी सुरुवात केली, कारण 'सदर' लिहिल्याशिवाय आपल्याकडे नियमाला धाक येत नाही.

पोरगा म्हणाला, "सर, पूर्वीचे लोक सभ्य असतील ना? त्यांना असं लिहावं लागत नसेल."

मास्तराला असा प्रश्न विचारणं म्हणजे नळ चालू ठेवून गावाला जाणं. मी त्याला १९०७ सालची गोष्ट सांगितली. त्या वर्षीचं काँग्रेस अधिवेशन आमच्या नागपूरला भरायचं होतं. पण जहाल आणि मवाळ यांची तयारीच्या सभांतच अशी जुंपली की अधिवेशन उचलून सुरतेला न्यावं लागलं. तिथे २७ डिसेंबरला टिळक बोलायला व्यासपीठावर उभे राहिले, त्यांना बोलू देईनात, ते हटेनात, आणि तेवढ्यात मंडपातून एक जोडा भिरभिरत आला. तो सुरेंद्रनाथ बॅनर्जींच्या गालाला लागून फिरोजशहा मेहतांवर आदळला. हजर असलेल्या हेन्री नेव्हिन्सन या इंग्रज पत्रकाराने बारकाईने नोंदवून ठेवलं आहे की जोडा मराठी बनावटीचा होता. पुढे खुर्च्या उडाल्या, काठ्या निघाल्या, पोलिसांनी मंडप मोकळा केला. "म्हणजे सभा उधळायची आपली परंपरा चांगली जुनी आहे," मी म्हणालो, "आणि तेव्हा पोस्ट डिलीट करायची सोय नव्हती."

पोरग्याने विचारलं, "जोडा परत मिळाला का?" या वयाची मुलं नेमकं काय विचारतील सांगता येत नाही.

मग मला स्फुरण चढलं. बेंजामिन फ्रँकलिनने १७२७ मध्ये फिलाडेल्फियात मित्रांचं एक चर्चामंडळ काढलं होतं, त्यात फार ठासून बोलणाऱ्याला, समोरच्याला ताडकन खोडून काढणाऱ्याला थोडा दंड असे. बाबूंनी मनातल्या मनात आकडेमोड केली आणि म्हणाले, "आपल्या ग्रुपले लावला तर दोन महिन्यांत स्मशानाचं शेड होते." मग इंटरनेटवाल्यांनी ऑक्टोबर १९९५ मध्ये काढलेली शिष्टाचाराची पत्रिका सांगितली. त्यात एक उपदेश असा की राग आला असेल तर उत्तर रात्रभर ठेवा, सकाळी पाठवा. दुसरा असा की सगळी अक्षरं मोठ्या लिपीत लिहू नका, ते ओरडल्यासारखं दिसतं. हा दुसरा नियम आपल्या काही कामाचा नाही. देवनागरीला मोठी लिपीच नाही. म्हणून तर आपल्याला ओरडायला ओळीने सात उद्गारचिन्हं आणि लालबुंद चेहरे लागतात. पहिला उपदेश मात्र मी मसुद्यात घेतला, क्रमांक दोन म्हणून, आणि त्याचा मला अभिमान होता.

बाकीचे नियम तुम्हाला माहीत आहेत. राजकारण नको, धर्म-जात नको, जाहिरात नको, खात्री नसलेलं पुढे पाठवू नका. पाचवा नियम 'विषयाशी संबंध नसलेली छायाचित्रे टाकू नयेत', आणि सातवा 'तीन वेळा नियमभंग झाल्यास सदस्यत्व रद्द'. पाच आणि सात लिहिताना आमच्या तिघांच्याही डोळ्यांपुढे गुलाबाचं फूल होतं.

मसुदा बाबूंनी वाचला, चष्मा पुसला, आणि माझ्याच पेनने खाली आठवा नियम लिहिला: 'कोणीही कोणाच्या लिहिण्यातील ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढू नयेत.'

मी म्हणालो, "हा कशाला? असं कोण करतं?"

बाबू चहाच्या कपात बघायला लागले. पोरगा मोबाइलमध्ये. टपरीवाल्याने उगाच स्टोव्हला पंप मारला.

"कोनी करत नाही सर," शेवटी बाबू म्हणाले. "सहज टाकला. नियम सातावर संपले तर बरं नाही दिसत."

मी तो ठेवला. त्या वाक्यात एकही चूक नव्हती, त्यामुळे हरकत घ्यायला जागा नव्हती. रात्री झोपताना मात्र आठवलं: दासबोधाच्या दुसऱ्या दशकात पहिला समास मूर्खलक्षणांचा आहे, ते सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्याच दशकाच्या शेवटी, दहाव्या समासात, समर्थांनी पढतमूर्ख वेगळा काढला आहे. त्याला साध्या मूर्खांच्या रांगेत बसवलं नाही. हे मी तीस वर्षं वर्गात शिकवलं, आणि बाबूंचा थोरला मुलगा माझ्या वर्गात होता.

ॲडमिन होणं म्हणजे फुकटची पाटीलकी, असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात ती पोलीसपाटीलकी आहे. निवडणुका जवळ आल्या की 'ॲडमिन जबाबदार राहील' अशी वाक्यं कानावर पडायला लागतात, आणि मग साडेतीनशे माणसांच्या अंगठ्यांना काय वाटेल याची जबाबदारी आपल्या रक्तदाबावर येते. २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा निकाल आला तेव्हा मी पेपरातलं ते कात्रण जपून ठेवलं. प्रकरण गोंदिया जिल्ह्यातलं. एका सदस्याने ग्रुपवर एका महिलेविषयी आक्षेपार्ह लिहिलं आणि गुन्हा ॲडमिनवरही दाखल झाला. न्यायालयाने सांगितलं की दोघांचा मिळून तसा इरादा असल्याशिवाय सदस्याच्या लिहिण्याचं पाप ॲडमिनच्या माथी मारता येणार नाही. ॲडमिनचा अधिकार तो किती, माणूस घेणं आणि माणूस काढणं. गुन्हा रद्द झाला. मला हायसं वाटलं, आणि थोडं वाईटही. इतका कमी अधिकार आहे हे न्यायालयाने जाहीर करायला नको होतं.

आमच्या घरातल्या न्यायालयाचं मत निराळं होतं. "कोनाले काढसान तर विचार करा," ती म्हणाली. "वाळीत टाकल्याचा कायदा झाला हाय." तो कायदा खरंच आहे, सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने केलेला, जुलै २०१७ पासून लागू, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. तो जातपंचायतींसाठी आहे, व्हॉट्सॲपसाठी नाही, हे मी तिला समजावलं. ती म्हणाली, "त्या पंचायल्याही असंच वाटत असन, का आपल्यासाठी नाही म्हनून."

मेडिकलवाल्यांची पहिली चूक नियम लागू झाल्याच्या दुसऱ्याच पहाटे झाली, चार चाळीसला. दुसरी आठवड्याने, कारल्याचा तक्ता. दोन्ही वेळा मी खाली नियमाचा क्रमांक लिहिला. त्यांनी अंगठा दाखवला.

मग दिवाळीनंतरची ती संध्याकाळ. ग्रुपवर एक निरोप आला: 'आपल्या परिसरात काही अनोळखी इसम वेषांतर करून फिरत आहेत. लहान मुलांना एकटे सोडू नये. ही माहिती सर्व समूहांवर पाठवावी.' पाठवणारा अत्यंत सज्जन माणूस. मजकुरात राजकारण नाही, जात नाही, जाहिरात नाही, फोटो नाही. आणि भाषा? 'वेषांतर' बरोबर, 'समूहांवर' मधला ऊ दीर्घ, 'ही माहिती' दोन्ही जागी बरोबर. मला तर वाचून बरं वाटलं. खात्रीचा नियम मीच लिहिला होता, चौथा, पण शुद्ध मराठीत लिहिलेलं खोटं असू शकतं हे माझ्या अजून अंगवळणी पडलेलं नव्हतं. दहा मिनिटांत वीस जणांनी 'धन्यवाद' लिहिलं, कोणीतरी 'पोरांनो, काठ्या तयार ठेवा' असंही.

या ठिकाणी मला १ जुलै २०१८ आठवायला हवा होता. आमच्या वाशिम जिल्ह्याला त्या दिवशी वीस वर्षं झाली होती. त्याच दिवशी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला, आठवडी बाजाराच्या दिवशी, मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं होती ती, मंगळवेढ्याकडची, पोटासाठी फिरणारी. मोबाइलवरून फिरणाऱ्या अफवेने मारलं त्यांना. त्याच महिन्यात कंपनीने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल असं बंधन घातलं. आपण अंगठ्याने 'पुढे पाठवा' दाबतो आणि पाचाच्या पुढे फोन अडतो, त्यामागे ही माणसं आहेत. पण मला ते त्या संध्याकाळी आठवलं नाही. मी शुद्धलेखन तपासत होतो.

तेवढ्यात मेडिकलवाल्यांचा फोटो आला.

दुकानापुढचा ओटा. कवड्यांच्या माळा आणि रंगीत झूल घातलेला नंदीबैल, शिंगांना गोंडे. त्याच्या शेजारी नंदीबैलवाला, हातात चहाचा ग्लास, गळ्यात देवाच्या टाकाबरोबर प्लास्टिकमध्ये मढवलेलं आधार कार्ड, दोरीला ओवून. त्याच्या खांद्यावर हात टाकून स्वतः मेडिकलवाले. खाली मजकूर: 'हा अनोळकी नाही. याचा बाप माझ्या बापाच्या दुकाना पुढे येत होता. याले पाव्हने म्हना. गुबूगुबू.'

काठ्या तयार ठेवायला सांगणाऱ्याने तो निरोप पुसून टाकला. वीस धन्यवादांखाली शांतता पसरली. साडेतीनशे माणसं मान खाली घालून बसल्यासारखी वाटली.

त्या शांततेत पहिला निरोप माझा गेला. मी लिहिलं: 'अनोळखी*'.

का लिहिलं? हात शिवशिवले. एवढंच खरं कारण आहे. 'ख' च्या जागी 'क' दिसला आणि तीस वर्षांची सवय बोटांत उतरली. पाठवल्यावर लक्षात आलं, पण तोवर खाली मेडिकलवाल्यांचं उत्तर होतं: 'नियम आट, सर.' आणि त्याखाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. त्यात ज्यांनी कधी तोंड उघडलं नव्हतं अशी माणसं होती, माझे विद्यार्थी होते, एक सरपंच होते, आणि आमच्याच घरातून आतल्या खोलीतून आलेला एक चेहरा होता.

मी नियमांची यादी उघडली. नियम पाच, छायाचित्र. तिसरी चूक. नियम सात. कायद्याने मी स्वच्छ होतो. रात्रभर थांबा हा नियम दोन मीच घातलेला होता. मी चार मिनिटं थांबलो. फोनने विचारलं, नक्की काढायचं का? मी म्हणालो, हो.

बाबूंचा लगेच फोन आला. काही बोलले नाहीत, नुसता घसा खाकरला. सविनय सादर.

रात्री साडेदहाला लक्षात आलं की हिच्या रक्तदाबाची गोळी संपली आहे. सकाळी उपाशीपोटी लागते. रिसोडमध्ये त्या वेळी आमच्या भागात एकच मेडिकल उघडं असतं. मी चप्पल शोधायला बराच वेळ लावला. ती म्हणाली, "जा ना. कोन्तं दुसरं उघडं हाय? अन् तिथी गेल्यावर भाषा नका शिकवू."

शटर अर्धं खाली होतं. आत ते हिशेब करत बसले होते. ओट्यावर कोपऱ्यात नंदीबैल रवंथ करत होता. मालक शेजारी चादर ओढून झोपलेला. मी वाकून आत गेलो. काय घ्यायचं ते त्यांना माहीत होतं, त्यांनी न विचारता फळीवरून पट्टी काढली.

मी म्हणालो, "उद्या घेतो परत ग्रुपवर. जरा घाई झाली."

"राहू द्या सर," ते म्हणाले. "चार दिवस राहू द्या. पाचनंतर उठीन म्हनतो. फुलं पाठवाची नाहीत तर काहून उठाचं?"

त्यांनी गोळ्या कागदी पाकिटात घातल्या, पाकीट काउंटरवर पालथं ठेवलं, आणि दर वेळी लिहितात तसं निळ्या पेनने त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'सकाळि १ जेवनाआधि'.

मी पाकीट घेतलं. वाचलं. माझा हात सदऱ्याच्या खिशाकडे गेला, तिथे लाल रिफिलचा पेन असतो.

त्यांनी ते पाहिलं. चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि पाकीट माझ्या बाजूने नीट सरळ करून धरलं.

"करा सर, दुरुस्त करा," ते म्हणाले. "मी आता ग्रुपमधी नाही."